फोर्टिंगल : लायन नदीच्या काठचं गाव

पाण्याच्या हिशेबाने ब्रिटनमधली सगळ्यात मोठी नदी थेम्स नव्हे, टे आहे. स्कॉटलंडच्या मध्यभागी, पर्थशरच्या डोंगराळ मुलखातून ती वाहते. तिला सुरुवातीच्या टप्प्यातच डाव्या हाताने येऊन मिळणारी एक उपनदी म्हणजे लायन. पश्चिमेच्या उंच डोंगरांतून निघून, एका लांबच लांब अरुंद दरीतून वाट काढत, शेवटी एका खडकाळ घळीतून ही नदी मोकळ्या शिवारात उतरते. ती उतरते तिथेच फोर्टिंगल हे गाव आहे. एक चर्च, एक हॉटेल, गवताने शाकारलेल्या घरांची एक ओळ, आजूबाजूला मेंढ्यांची कुरणं. गाडीने जाणारा माणूस दोन मिनिटांत गाव ओलांडून पुढे जातो. एवढ्या लहान गावाबद्दल एवढ्या कथा, एवढे दावे आणि एवढा खरा इतिहास क्वचितच कुठे साठला असेल.

अशा दरीला स्कॉटलंडमध्ये ग्लेन म्हणतात. ग्लेन लायन सुमारे पन्नास किलोमीटर लांब आहे आणि चहूबाजूंनी डोंगरांनी बंद असलेली स्कॉटलंडमधली सगळ्यात लांब दरी म्हणून ती ओळखली जाते. तिला नदीने पाणी दिलं, पण आकार दिला तो बर्फाने. शेवटचं हिमयुग सरून साडेअकरा हजार वर्षं झाली. त्याआधी इथे हिमनद्या होत्या आणि त्यांनी डोंगरांच्या कुशी खरवडून काढल्या. म्हणून दरीचे उतार खडे, तळ सपाट आणि मधूनच एखादी चिंचोळी घळ. फोर्टिंगलहून आत जाणारा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. समोरून गाडी आली तर ठरावीक अंतरावर केलेल्या फुगवट्यात थांबून वाट द्यायची, ही इथली रीत. हा रस्ता नदीच्या कडेकडेने जातो आणि वरच्या धरणापाशी संपतो. दुसरी वाट मधल्या ब्रिज ऑफ बॅल्गी या वस्तीपासून बेन लॉअर्स या १२१४ मीटर उंचीच्या डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे उतरते, पण हिमवर्षावात तिचा भरवसा नाही. त्यामुळे थंडीत दरीचा बाहेरच्या जगाशी संबंध फोर्टिंगलमधूनच राहतो. गावाचं महत्त्व या एका गोष्टीत आहे: दरीत जाणाऱ्याला आणि दरीतून बाहेर पडणाऱ्याला या उंबऱ्यावरून जावं लागतं.

गावात शिरल्यावर पहिली नजरेत भरतात ती घरं. जाड भिंती, उतरती गवताची छपरं, छपरातूनच डोकावणाऱ्या खिडक्या. पाहणाऱ्याला वाटतं, ही चारपाचशे वर्षांपूर्वीची असावीत. प्रत्यक्षात ती १८९० च्या सुमाराची आहेत. डोनाल्ड करी हा ग्रीनॉक बंदरात जन्मलेला माणूस जहाजांच्या धंद्यात उतरला, त्याची कॅसल लाइन ही कंपनी इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेदरम्यान टपाल आणि उतारू नेऊ लागली आणि तो गबर झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी आणि क्रिकेटच्या करी कपमधला करी तो हाच. १८८५ मध्ये त्याने ग्लेन लायनची जहागीर विकत घेतली. जुनी मोडकी घरं पाडून नवं गाव वसवायचं काम त्याने जेम्स मॅक्लारेन या तरुण वास्तुविशारदाला दिलं.

मॅक्लारेनचं मोठेपण असं की त्याने गाव ‘सुंदर’ करताना स्कॉटिश घराचा पिंड सोडला नाही. हातकारागिरीला पुन्हा मान द्यावा, यंत्राने छापलेल्या नक्षीपेक्षा स्थानिक दगड आणि स्थानिक पद्धत बरी, हा विचार त्या काळी ब्रिटनमध्ये जोर धरत होता. दक्षिण इंग्लंडमधल्या खेड्यांसारखी गवताची छपरं त्याने घेतली, पण भिंती, पायऱ्या-पायऱ्यांच्या त्रिकोणी कडा आणि चुन्याचा खरबरीत गिलावा पर्थशरचा ठेवला. हे काम चालू असताना १८९० मध्ये, ऐन तारुण्यात, तो वारला. उरलेलं काम त्याचे सहकारी विल्यम डन आणि रॉबर्ट वॉटसन यांनी पुरं केलं आणि पुढे चर्चही नव्याने बांधलं. पुढच्या पिढीतला ग्लासगोचा प्रसिद्ध वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिंटॉश याच्यावर मॅक्लारेनच्या कामाचा प्रभाव होता, असं अभ्यासक मानतात. म्हणजे जे पाहून आपण ‘किती जुनं गाव’ म्हणतो, ते आगबोटींच्या पैशातून उभं राहिलेलं, त्या वेळचं अत्यंत आधुनिक गाव होतं.

गावातली खरी जुनी गोष्ट चर्चच्या आवारात, एका ठेंगण्या भिंतीआड उभी आहे. तो यू जातीचा वृक्ष आहे. हिमालयात याचा भाऊबंद थुनेर म्हणून ओळखला जातो. गर्द हिरव्या, सुईसारख्या पानांचं हे झाड अतिशय सावकाश वाढतं आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग विषारी असतो. अपवाद फक्त बीभोवतीच्या लाल गराचा. याच जातीच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून डोसेटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध तयार होतं. युरोपात चर्चच्या आवारांत यूची झाडं पुष्कळ दिसतात, पण फोर्टिंगलच्या यूची गोष्ट निराळी. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या झाडांमध्ये त्याची गणना होते.

त्याचं वय नेमकं किती, हा प्रश्न सोपा वाटतो आणि तसा तो नाही. झाडाचं वय खोडातल्या वर्तुळांवरून मोजतात. यूचं म्हातारं खोड मात्र आतून कुजून पोकळ होतं. सगळ्यात जुनी वर्तुळं ज्या गाभ्यात असतात, तो गाभाच नाहीसा होतो. बाहेरचं कवच मात्र जिवंत राहतं, फुटतं, नवे कोंब धरतं. त्यामुळे घेर आणि वाढीचा वेग यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि वाढीचा वेगही आयुष्यभर सारखा नसतो. जपून बोलणारे लोक दोन ते तीन हजार वर्षं म्हणतात. पाच हजारांचा आकडाही छापला जातो, पण त्यामागचा पुरावा तितका भक्कम नाही. मला विचाराल तर दोन हजार वर्षं हीच गोष्ट एवढी थक्क करणारी आहे की तिला आणखी तीन हजारांचं ठिगळ लावायची गरज नाही.

मोजमापाची पहिली लेखी नोंद १७६९ ची. डेन्स बॅरिंग्टन याने घेर ५२ फूट भरल्याचं लिहिलं. त्याच सुमारास थॉमस पेनंट या प्रवाशाने ५६ फूट ६ इंच नोंदवला. आज मात्र तिथे गेलेल्या माणसाला एवढं प्रचंड खोड दिसत नाही. दिसतात ते वेगवेगळे उभे राहिलेले तुकडे, जणू दोन-तीन झाडं शेजारी शेजारी लावली आहेत. जमिनीत ठोकलेल्या लहान खुंट्यांची एक रांग त्या तुकड्यांभोवती फिरते. त्या खुंट्या १७६९ मधला घेर दाखवतात. त्या वर्तुळात उभं राहून पाहिलं की कळतं, आपण खोडाच्या आत उभे आहोत.

मधलं खोड गेलं कुठे? काही नैसर्गिकरीत्या कुजलं, पण बरंचसं माणसांनी नेलं. बेल्टेन हा उन्हाळ्याच्या सुरुवातीचा सण. त्या दिवशी झाडाच्या बुंध्याशी जाळ केला जाई. खोडाला पडलेली भेग इतकी रुंद झाली की प्रेतयात्रा त्या भेगेतून पलीकडे नेण्याची प्रथा पडली. येणाजाणारे फांद्या तोडून नेत. यूचं लाकूड चिवट आणि रंगाने देखणं. त्याचे क्वेख म्हणजे दोन कानांचे उथळ प्याले बनत आणि आठवण म्हणून विकले वा भेट दिले जात. पॅट्रिक नील या निसर्ग-अभ्यासकाने १८३३ मध्ये लिहून ठेवलं की खोडाचे मोठमोठे भाग अशा प्याल्यांसाठी नेले गेले आहेत. १७८५ मध्ये बांधलेली भिंतही ही लूट पुरती थांबवू शकली नव्हती. अगदी अलीकडे, २०१९ मध्ये, स्थानिक वृक्षरक्षकांना पुन्हा जाहीरपणे सांगावं लागलं की पर्यटक डहाळ्या खुडून नेतात, भिंतीवरून आत चढतात, फांद्यांना मणी आणि फिती बांधतात, आणि त्या ताणाने झाड खंगत आहे. शत्रूंनी नव्हे, भक्तांनी झिजवलेलं हे झाड आहे.

आणि तरीही ते काहीतरी नवीन करून दाखवतं. यूमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. फोर्टिंगलचा यू नर, म्हणजे वसंतात परागकण उधळणारा. शेकडो वर्षांच्या नोंदी हेच सांगतात. २०१५ च्या शरद ऋतूत एडिनबरा इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधले मॅक्स कोलमन तिथे गेले असता वरच्या बाजूच्या एका डहाळीवर त्यांना लाल फळं दिसली. मोजून तीन. म्हणजे झाडाचा तेवढाच भाग मादी झाला होता. सूचिपर्णी झाडांमध्ये असं लिंगांतर क्वचित होतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पण हजारो वर्षांच्या झाडाच्या एका फांदीने ते करावं, याची बातमी जगभर गेली. त्या बिया जपून गोळा केल्या गेल्या. एडिनबराच्या बागेत ब्रिटनमधल्या आणि परदेशातल्याही जुन्या यूंच्या कलमांपासून एक लांब कुंपण वाढवलं जात आहे. त्यात फोर्टिंगलचाही वंश आहे. मूळ झाड उद्या कोसळलं तरी त्याचा जनुकीय वारसा जाऊ नये, हा हेतू.

या झाडाच्या सावलीत एक दंतकथा वाढली आहे आणि ती गावाची पाठ सोडत नाही. येशूला सुळावर देणारा रोमन सुभेदार पाँटियस पायलेट हा म्हणे फोर्टिंगलला जन्मला. त्याचा बाप रोमन वकिलातीतून इथे आला होता. काळाचा हिशेब केला तरी ही गोष्ट टिकत नाही. पायलेटच्या जन्माच्या वेळी रोमन फौजा स्कॉटलंडमध्ये पोचल्याच नव्हत्या. त्या आल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात. गावाजवळच्या शेतात खंदकाने वेढलेली एक जागा आहे, तिला लोक रोमन छावणी म्हणत. ती मध्ययुगातल्या कुणा सरदाराच्या वाड्याची जागा असल्याचं पुरातत्त्वज्ञ सांगतात.

दंतकथेच्या या गलबल्यात खरी गोष्ट झाकली जाते याचं मला वाईट वाटतं, कारण ती कितीतरी अधिक रोचक आहे. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत चर्चभोवतीच्या शेतात पिकांच्या रंगातल्या फरकामुळे मोठमोठ्या वळणदार कुंपणांच्या खुणा दिसल्या. आयर्लंडमधल्या आणि आयोना बेटावरच्या आरंभीच्या ख्रिस्ती मठांभोवती अशीच कुंपणं असत. चर्चच्या आवारात कोरीव क्रूसशिळांचे तुकडे सापडले, तेही त्याच काळातले. म्हणजे सातव्या-आठव्या शतकात फोर्टिंगलला मठ होता. आयोनाच्या मठाचा प्रमुख अ‍ॅडॉम्नान याचं नाव दरीत आजही घेतलं जातं, इथल्या बोलीत इयोनन म्हणून. ६९७ मध्ये त्याने एक कायदा मान्य करून घेतला: लढाईत बायका, मुलं आणि धर्मगुरू यांना हात लावायचा नाही. ब्रिज ऑफ बॅल्गीजवळ मिल्टन इयोनन नावाची जागा आहे. तिथली गिरणी त्याने बांधली, आणि दरीत वर सरकणारी महामारी एका दगडापाशी त्याने अडवली, अशी लोकांची श्रद्धा.

मठाच्या काळातली एक हातघंटा चर्चमध्ये होती. लोखंडाचा पत्रा वाकवून, त्यावर कांशाचा थर चढवून केलेली, चौकोनी तोंडाची. भिंतीतल्या कोनाड्यात, गजांच्या आड ती ठेवलेली असे. हजार-बाराशे वर्षं ती गावात राहिली आणि २०१७ मध्ये चोरीला गेली. अशा घंटा स्कॉटलंडमध्ये थोड्याच उरल्या आहेत. बाजारात तिला उजळपणे गिऱ्हाईक मिळणं कठीण, म्हणून तर अशी चोरी जास्त टोचते.

गावाच्या पूर्वेला शेतात दगडांचे तीन समूह उभे आहेत, कांस्ययुगातले. प्रत्येकात फार थोडे दगड शिल्लक दिसतात. १९७० मध्ये त्यांतल्या दोन समूहांचं उत्खनन झालं, तेव्हा कळलं की मुळात आठ-आठ दगडांचे चौकोन होते आणि कोपऱ्यांवरचे दगड सगळ्यात मोठे होते. मधले दगड कुणीतरी मुद्दाम पाडून, खड्डे खणून पुरले होते. कधी? एका पुरलेल्या दगडाखाली व्हिक्टोरियन काळातली बिअरची बाटली सापडली. नांगराला आड येणारे दगड गाडताना कुणी मजुराने दुपारची बाटली तिथेच टाकली असणार. साडेतीन हजार वर्षं उभी असलेली रचना एकोणिसाव्या शतकात, शेतीच्या सोयीसाठी आडवी झाली, याची तारीख त्या बाटलीने सांगितली.

चर्चसमोरच्या शेतात मातीचा एक उंचवटा आहे: कार्न नम मार्व, मृतांचं टेकाड. तोही कांस्ययुगातला. पण लोकांच्या आठवणीत तो चौदाव्या शतकातल्या प्लेगाशी बांधला गेला. गावात इतकी माणसं मेली की उचलायला कुणी उरलं नाही. मग एका म्हातारीने पांढरा घोडा जुंपलेल्या घसरगाडीवरून प्रेतं इथे आणली, असं सांगतात. याच टेकाडावर साउइन या हिवाळ्याच्या सणाची होळी पेटे. आसपासच्या डोंगरावरून काटेरी झुडपं तोडून आणायची, रचायची, आणि पेटल्यावर हात धरून भोवती फेर धरायचा. सरकारी दिनदर्शिका अठराव्या शतकात बदलली तरी फोर्टिंगलने सण जुन्याच मोजणीने, ११ नोव्हेंबरला ठेवला. शेवटची होळी १९२४ ची. ती बंद पडायचं कारण मन विषण्ण करणारं आहे: डोंगरावरची झुडपं तोडल्याने शिकारीच्या पक्ष्यांचा आसरा जातो, अशी जहागिरीतल्या शिकारराख्याची हरकत होती. जहागीरदाराच्या पक्ष्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची होळी विझली.

फोर्टिंगलचं सगळ्यात मोठं देणं मात्र दगडातही नाही आणि लाकडातही नाही. ते कागदावर आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथला धर्मगुरू होता जेम्स मॅकग्रेगर. त्याच्याकडे लिझ्मोर बेटाच्या डीनचं पदही होतं. त्याने आणि त्याचा भाऊ डंकन याने साधारण १५१२ ते १५४२ या काळात गेलिक कवितांची एक मोठी वही तयार केली. वीरांची कवनं, राजस्तुती, प्रेमकविता, सरदारघराण्यातल्या स्त्रियांच्या रचना, भिक्षूंची टवाळी, सगळं त्यात आलं. गेलिकची स्वतःची प्रतिष्ठित लेखनपद्धत होती, पण या भावांनी ती वापरली नाही. स्कॉट्स भाषा लिहिताना जी अक्षरजुळणी त्यांना सवयीची होती, तिच्यातच कानाला ऐकू येईल तसं गेलिक लिहिलं. त्यामुळे वही वाचायला अवघड झाली, पण एक फायदा असा झाला की त्या काळी पर्थशरमध्ये शब्द कसे उच्चारले जात, याचा मागमूस उरला. आज ही वही एडिनबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या कितीतरी कवितांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. डोंगरातल्या एका गावात बसून दोन भावांनी एवढं केलं नसतं, तर त्या रचना आणि ते कवी कायमचे नाहीसे झाले असते.

वही लिहिणारे मॅकग्रेगर होते, आणि मॅकग्रेगरांचा पुढचा इतिहास रक्तबंबाळ आहे. लायनची घळ फोर्टिंगलच्या थोडी वर जिथे सगळ्यात अरुंद होते, त्या जागेला मॅकग्रेगरची उडी म्हणतात. ग्लेनस्ट्रेच्या मॅकग्रेगरांचा तरुण नायक ग्रेगोर १५६५ मध्ये पाठलाग करणाऱ्या कॅम्पबेलांच्या हातून निसटण्यासाठी इथून पलीकडे झेपावला, असं सांगतात. खाली खडकांत कोंडलेलं फेसाळ पाणी पाहिलं की त्या झेपेचं साहस कळतं. ग्रेगोरची बायको मॅरियन ही ग्लेन लायनच्याच डंकन कॅम्पबेलची मुलगी. माहेर आणि सासर एकमेकांचे वैरी. १५६९ मध्ये ग्रेगोर पकडला गेला आणि ७ एप्रिल १५७० ला, जवळच्या टेमाउथ इथे त्याचं मुंडकं उडवलं गेलं. ‘ग्रिओगल क्रिए’ हे गेलिक विलापगीत मॅरियनचं म्हणून ओळखलं जातं. कडेवरच्या तान्ह्याला जोजवत ती नवऱ्यासाठी रडते आणि त्याला मारणाऱ्या आपल्याच कुळाला शाप देते. साडेचारशे वर्षं हे गाणं आयांच्या तोंडून मुलांच्या कानी आलं आणि आजही मैफलींत गायलं जातं. १६०३ मध्ये तर मॅकग्रेगर हे आडनाव लावायलाच बंदी आली. ती बंदी कायमची उठायला १७७४ साल उजाडलं.

ग्रेगोरच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी याच दरीच्या कॅम्पबेल घराण्यातला रॉबर्ट कॅम्पबेल जुगार, दारू आणि कर्ज यांत बुडाला. बहुतेक जहागीर गेली. उरलंसुरलं गुरंढोर १६८९ मध्ये ग्लेनको दरीच्या मॅकडोनाल्डांनी लुटून नेलं. साठीच्या घरात त्याने पोटासाठी सैन्यात कप्तानाची नोकरी धरली. १६९२ च्या फेब्रुवारीत तो तुकडी घेऊन ग्लेनकोत गेला, मॅकडोनाल्डांच्या घरी बारा दिवस पाहुणचार घेतला आणि १३ तारखेच्या पहाटे वरून आलेल्या हुकमाप्रमाणे यजमानांवरच तलवार चालवली. ३८ माणसं मारली गेली. बर्फात पळालेल्या आणखी कितीतरी बायका-मुलांचा थंडीने जीव गेला. हत्याकांड दुसऱ्या दरीत झालं, पण ते करणाऱ्या कप्तानाच्या नावापुढे ग्लेन लायन कायमचं चिकटलं.

राजे-सरदारांच्या या वैरापलीकडे दरीतलं रोजचं जगणं गुरांभोवती फिरत असे. मे महिन्यात गुरं घेऊन बायका आणि मुलं डोंगरावरच्या कुरणांत जात, दगड-मातीच्या लहान खोपट्यांत राहत, लोणी आणि चीज करत; शरदात खाली परतत. त्या वेळापत्रकाची एक जिवंत खूण दरीच्या अगदी टोकाला आहे. धरणाच्याही पलीकडे, ग्लेन कॅलिख या आडदरीत, ओढ्याकाठी गवती ढेकळांचं छप्पर असलेलं हातभर उंचीचं एक घर आहे. आत पाण्याने घडवलेले, मधे कमर असलेले दगड राहतात: कॅलिख म्हणजे म्हातारी, बोडाख म्हणजे म्हातारा, त्यांची मुलगी आणि लहान पोरं. सगळ्यात मोठी म्हातारी, तीही दीड फुटाच्या आसपास. १ मे रोजी हे कुटुंब घराबाहेर आणून दरीकडे तोंड करून बसवायचं. १ नोव्हेंबरला पुन्हा आत ठेवून फटी शेवाळाने बुजवायच्या. हिमवादळात एका जोडप्याला दरीतल्या लोकांनी आसरा दिला, त्यांनी गुरांना आणि कुरणांना बरकत दिली, आणि दगडांची देखभाल होईल तोवर ती टिकेल, अशी समजूत. मेंढपाळांनी आणि शिकारराख्यांनी ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या केली. चर्चमधले पाद्री बदलले, पंथ बदलला, भाषा बदलली. दगड वर्षातून दोनदा हलत राहिले. फोर्टिंगलचे आणि या दरीचे जुनेपण पाच हजारांच्या आकड्यात किंवा पायलेटच्या पाळण्यात नाही, असं मी म्हणतो ते यासाठी. ते या दोन तारखांत आहे, जेव्हा कुणीतरी उठून, चालत जाऊन, हे काम करतं.

अठराव्या शतकाच्या शेवटी मोठ्या प्रमाणावर मेंढ्या आल्या आणि वरची खोपटी ओस पडली. जमीनदाराला कुळांच्या खंडापेक्षा मेंढीवाल्या मक्तेदाराकडून जास्त पैसा मिळे. माणसं ग्लासगोला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली. मागे राहिलेल्यांच्या मुलांना १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा दिली, पण त्या कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. ज्या गावाने गेलिकची सगळ्यात मोलाची वही लिहिली, त्या मुलखातली पर्थशरची गेलिक बोली विसाव्या शतकात बोलणाऱ्यांसह संपत गेली. मी या लेखात ज्या ठिकाणांची नावं लिहिली, त्यांचा अर्थ तिथल्या बहुतेक रहिवाशांना आता कोश उघडून पाहावा लागतो.

दरीचं शेवटचं मोठं परिवर्तन पाण्याने केलं. १९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, स्कॉटलंडचे मंत्री टॉम जॉन्स्टन यांनी उत्तरेच्या जलविद्युत मंडळाचा कायदा संमत करून घेतला. डोंगराळ भागातल्या शेतघरांत तोवर कंदीलच होते. पन्नासच्या दशकात लायनच्या उगमाशी लुब्रिओख धरण उभं राहिलं, लोख लायन सरोवर कित्येक पटींनी पसरलं, शेजारच्या खोऱ्यातली लोख गिओरा आणि लोख अन डाइव्ह ही दोन सरोवरं एकत्र झाली. खाली स्ट्रोनुइखच्या तलावातून नदीचं पाणी बोगद्याने डोंगरापलीकडच्या ग्लेन लोखीत नेलं आणि तिथे जनित्रं फिरवली. याच ब्रेडॅलबेन योजनेतल्या सेंट फिलन्सच्या बोगद्यात १९५५ मध्ये कामगारांनी सात दिवसांत ५५७ फूट खडक फोडून त्या काळचा जागतिक विक्रम केला. दरीत वीज आली. पण त्याच वेळी नदीचा बराच मोठा वाटा तिच्या पात्रातून कायमचा निघून गेला.

लायनमध्ये सॅमन मासा समुद्रातून उलटा चढून अंडी घालायला येतो. टेच्या खोऱ्यातल्या थंड, स्वच्छ पाण्यात मोती देणारे गोड्या पाण्यातले शिंपलेही राहतात. त्यांतले काही शंभरी ओलांडतात. या शिंपल्याची पिल्लं जगण्यासाठी आधी सॅमन किंवा ट्राउटच्या पिल्लांच्या कल्ल्यांना चिकटतात, काही महिने तिथेच वाढतात आणि मग सुटून वाळूत रुजतात. मासा आला नाही तर शिंपलाही नाही. मोत्यांसाठी शेकडो वर्षं शिंपले फोडले गेले. एकेका मोत्यामागे शेकडो शिंपले फुकट मरत. १९९८ पासून ब्रिटनमध्ये त्यांना हात लावणं गुन्हा आहे आणि तरीही चोरटे मोतीवाले अधूनमधून पकडले जातात. सॅमनची संख्या तर स्कॉटलंडभर घटली आहे. त्यामागे समुद्रातले बदल आहेत, तापत चाललेलं नदीचं पाणी आहे, आणि धरणाखाली किती पाणी सोडायचं हा प्रश्नही आहे. दरीत मेगर्नीच्या परिसरात जुन्या कॅलेडोनियन पाइनवनाचा एक तुकडा अजून उभा आहे. बाकी उतार हरणांनी आणि मेंढ्यांनी रोपटी खाऊन उघडे केले आहेत, आणि उघड्या काठाने वाहणारं पाणी उन्हाळ्यात लवकर तापतं. म्हणून स्कॉटलंडमधल्या अनेक नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत आता काठाकाठाने कुंपणं घालून भूर्ज, रोवन, आल्डर आणि विलोची देशी रोपं लावली जात आहेत. पाण्यावर नीट सावली पडायला या रोपांना वीस-पंचवीस वर्षं लागतील.